दातांच्या डॉक्टरांचे गुरू : डॉ. रफिउद्दीन अहमद

गेल्या पावसाळ्यात आमच्या आजीचा गाल सुजला. आजीला मशेरीची जुनी सवय. समोरचा एक दात पूर्वीच पडलेला होता आणि त्या जागी बाजारातल्या एका दातवाल्याने तिला 'पक्का' दात बसवून दिला होता. पक्का म्हणजे काय, तर शेजारच्या दोन चांगल्या दातांना मसाल्याने चिकटवून टाकलेला! तो काढता येत नव्हता, की त्याच्याखाली घासता येत नव्हते. वर्षभरात आतली हिरडी सडली. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात खर्चाचा आकडा ऐकला मात्र, आजी खुर्चीवरून उठलीच.

मग बाबांनी रजा टाकली. घाटकोपरहून दादर, तिथला पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वेची गाडी, आणि मुंबई सेंट्रल, असे करीत आम्ही तिघे महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात पोहोचलो. केसपेपर काढून बाकावर बसलो. आजीला तपासणारी मुलगी माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी असेल. तिच्या पाठीशी तिचे सर उभे. तो पक्का दात निघाला तेव्हा आजीने पदराने डोळे पुसले आणि त्या मुलीला भरभरून आशीर्वाद दिला.

हे महाविद्यालय १९३३ सालचे. पण आपल्या देशात दातांचे डॉक्टर तयार करण्याची सुरुवात कोणी केली असावी, हा प्रश्न मला त्या बाकावर पडला आणि त्या शोधात डॉ. रफिउद्दीन अहमद हे नाव हाती लागले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. आपण कला शाखेची मुले. आपल्या कानांवरून ते सहसा जात नाही.

रफिउद्दीन यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील बर्धनपाडा या गावी झाला. १९०८ साली अलीगढच्या कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेस गेले. सुशिक्षित घरातला मुलगा परदेशी जायचा तो बॅरिस्टर होण्यासाठी. दात ही काही शिकण्याची गोष्ट आहे, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटतच नव्हते. दात दुखला की लवंग धरायची, नाही तर बाजारातल्या माणसाकडून उपटून घ्यायचा! या तरुणाने मात्र आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतशास्त्राची पदवी घेतली. पुढे बोस्टन शहरात फोरसाइथ बंधूंच्या नावाने उभारलेल्या दंत-रुग्णालयात १९१८ पर्यंत काम केले. ते रुग्णालय गरीब मुलांच्या दातांसाठी काढलेले होते. श्रीमंतांच्या दवाखान्यात न जाता त्यांनी उमेदीची वर्षे अशा ठिकाणी काढली, हे मला त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते.

१९१९ साली ते कलकत्त्यास परतले. अमेरिकेत शिकलेला दंतवैद्य म्हणजे केवढी दुर्मिळ चीज! साहेबलोकांचे आणि जमीनदारांचे दात पाहून त्यांना सुखाने राहता आले असते. त्यांनी १९२० साली कॉलेज काढले. हिंदुस्थानातले हे पहिले दंत महाविद्यालय. आता पैसा कुठून आणायचा? तर त्यासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे दुकान घातले. अमेरिकेत गोड सोडा आणि आइस्क्रीम विकणारी अशी दुकाने असत, त्या धर्तीचे. त्याच्या मिळकतीवर कॉलेज उभे राहिले. दात किडवणाऱ्या पदार्थावर दात वाचवणारी विद्या पोसली गेली, याची गंमत त्यांनाही वाटली असेल.

या कॉलेजाचा धागा लवकरच मुंबईपर्यंत आला. वांद्र्याच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या फातिमा जिना दंतवैद्यक शिकल्या त्या डॉ. अहमदांकडेच. १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला, आणि धोबी तलाव भागातील महापालिकेच्या दवाखान्यातही त्या विनामूल्य काम करीत. पुढे भावाच्या राजकारणात त्या गुरफटल्या आणि दवाखाना मिटला, हा भाग सर्वांना ठाऊक आहे.

डॉ. अहमदांनी १९२५ साली दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. पण त्यांची खरी झुंज होती ती कायद्यासाठी. दात उपटायला कोणतेही शिक्षण लागत नाही, कोणीही पाटी लावावी, अशी तेव्हा स्थिती होती. त्यांच्या खटपटीने १९३९ साली बंगालपुरता कायदा झाला आणि १९४८ साली साऱ्या देशासाठी दंतवैद्य कायदा आला. या कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्य पदवी असलेले. 'ब' भागात पदवी नसूनही कित्येक वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. बापाकडून मुलाने विद्या घेतलेले चिनी दंतवैद्य कलकत्त्यात होते, मुंबईतही होते. प्रथम वाचले तेव्हा मला ही 'ब'ची वाट म्हणजे कमकुवतपणा वाटला. आजीच्या हिरडीची आठवण ताजी होती ना! पण मग मनात आले, शिकलेले डॉक्टर तेव्हा सगळ्या देशात जेमतेम हजारभर. बाकीच्यांना एका दिवसात हाकलले असते, तर ठणकणारी दाढ घेऊन लोकांनी जायचे तरी कोणाकडे? बंदी घालणे सोपे असते. बंदी घालण्याआधी त्या जागी दुसरा माणूस तयार असावा लागतो, आणि तो तयार करायला कॉलेज लागते.

ते कॉलेज डॉक्टरांनी १९४९ साली पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केले. एकोणतीस वर्षे सांभाळलेली संस्था अशी देऊन टाकणे सोपे नसावे. ते स्वतः पुढे त्या राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. शेती, सहकार, निर्वासितांचे पुनर्वसन अशी खाती त्यांनी पाहिली. १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि ९ फेब्रुवारी १९६५ रोजी ते वारले. कलकत्त्याच्या त्या कॉलेजाला त्यांचेच नाव आहे, आणि २४ डिसेंबर हा दिवस देशातले दंतवैद्य आपला दिवस म्हणून पाळतात.

आजीच्या कवळीसाठी आम्हांला मुंबई सेंट्रलच्या आणखी चार खेपा घालाव्या लागल्या. शेवटच्या दोन खेपांना बाबांना रजा मिळाली नाही, तेव्हा मीच तिला घेऊन गेलो. दादरचा पूल चढताना ती दोनदा कठड्याला धरून थांबली, आणि घाटकोपरात असे हॉस्पिटल का नाही रे, म्हणून मला विचारीत राहिली.