नारायण वामन टिळक यांची ख्रिस्ती भजने

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर, १८६१ – ९ मे, १९१९) हे मराठी कवी होते. मराठी ख्रिस्ती उपासनेतील अनेक प्रचलित भजने त्यांनी रचली. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला.

१८९३ मध्ये रेल्वे प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' भेट दिला. त्याच्या वाचनातून, विशेषतः ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनातून, त्यांचे विचारपरिवर्तन झाले आणि १० फेब्रुवारी, १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या व त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या ताटातुटीचे चित्रण त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे.

टिळक अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्यरत होते. त्या काळी मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणात गायली जात. देशी चालींचे प्रयत्न आधीही झाले होते. परंतु धर्मांतर केलेल्या माणसाने आपली भाषा व गानपरंपरा सोडण्याचे कारण नाही, ही टिळकांची ठाम धारणा होती. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाङ्मयावर त्यांची श्रद्धा कायम राहिली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. त्यामुळे त्यांनी अभंग, पदे व भजने रचली आणि कीर्तनाचाही आधार घेतला. ख्रिस्ताला माउली व गुरू मानणारी संतकाव्यातील आर्तता या रचनांत आढळते.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त जीवन स्वीकारले व सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, हा त्यामागील हेतू होता. दोन वर्षांतच मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्ण राहिले. लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढील बरेच अध्याय रचले.

निकोल मॅक्निकोल यांनी टिळकांच्या काही भजनांचे इंग्रजी भाषांतर केले. त्यामुळे मराठी भजने पाश्चात्त्य गीतसंग्रहांतही समाविष्ट झाली. महाराष्ट्रातील चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या संग्रहात टिळकांच्या अनेक रचना आहेत.