रोल्स रॉईसनं ज्याच्याकडून ब्रेक घेतले, तो जिनिव्हाचा मेकॅनिक

जुन्या गाडीला पॉवर ब्रेक बसवायचे म्हटलं की जाणता मेकॅनिक आधी विचारतो, इंजिनचा व्हॅक्यूम किती मिळतो? कारण आजचा बूस्टर त्याच ओढीवर चालतो. पण ज्या गाडीनं पॉवर ब्रेक गाजवले, तिच्यात व्हॅक्यूमचा संबंधच नव्हता. ती गाडी बनवली मार्क बिर्कीग्टनं.

गडी १८७८ साली जिनिव्हात जन्मला. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. १८९९ मध्ये त्यानं थेट बार्सिलोना गाठलं. तिथली कंपनी विजेच्या गाड्या बनवायला गेली आणि बुडाली. दुसरीही टिकली नाही. शेवटी १९०४ मध्ये दामियान मातेउ या उद्योजकासोबत तिसरा डाव मांडला. पैसा स्पेनचा, डोकं स्वित्झर्लंडचं, म्हणून नाव हिस्पानो-सुइझा!

पहिल्या महायुद्धात त्याच्या व्ही-८ इंजिनवर फ्रेंच स्पॅड विमानं उडाली. गाडीच्या नाकावर बसलेला करकोचा हा वैमानिक गीनेमेरच्या तुकडीचं चिन्ह.

मग १९१९ मध्ये पॅरिसला आली एच-६. इंजिन ६.६ लिटरचं. पळायला भन्नाट, पण हे धूड थांबवायचं कसं? तेव्हा बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि जोर सगळा ड्रायव्हरच्या पायाचा.

बिर्कीग्टनं चारही चाकांना ब्रेक दिले आणि पायाच्या मदतीला गाडीची धावच जुंपली. गिअरबॉक्सवरून फिरणारा एक छोटा ड्रम बसवला. पेडल दाबलं की तो पकड घेणार आणि फिरता फिरता ब्रेकचे दांडे ओढणार. म्हणजे गाडीच गाडीला थांबवणार. उभ्या गाडीत मात्र ड्रम फिरत नाही, म्हणून मदतही नाही.

आजच्या बूस्टरचं दुखणं वेगळं. इंजिनला रेसिंगचा कॅमशाफ्ट असेल तर व्हॅक्यूम कमी पडतो. मग कितीही मोठा बूस्टर आणा, पेडल दगडासारखं लागतं. वर मास्टर सिलिंडर गरजेपेक्षा जाड घेतला तर आणखी जड. लोक मात्र चकचकीत डबा बघून खरेदी करतात.

बिर्कीग्टच्या ब्रेकचं लायसन्स खुद्द रोल्स रॉईसनं घेतलं. हिस्पानोच्या गाड्या १९३८ मध्ये फ्रान्समध्ये बंद झाल्या. तो स्वतः १९५३ मध्ये जिनिव्हाजवळच्या व्हेरस्वाला वारला. तेव्हाही नव्या कोऱ्या रोल्स रॉईसमध्ये गिअरबॉक्सवर फिरणारा सर्व्हो बसतच होता.