वसईचा दुभाषी : संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन

आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील डोंगरांवर पडणारे पावसाचे पाणी भातसा आणि काळू या नद्यांच्या वाटेने उल्हास नदीस मिळते, आणि उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्रास जाते. (भातसेचे पुष्कळसे पाणी हल्ली धरणात अडून मुंबईकरांच्या नळास जाते, ही गोष्ट निराळी.) त्या खाडीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, वसईचा किल्ला उभा आहे. ज्या सत्पुरुषाचे चरित्र ज्युबिलीच्या या पुस्तिकेत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे, तो त्या वसईत सुमारे १५५७ साली जन्मला.

दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात या संताच्या मरणावर आम्ही प्रवचन करीत आलो. परंतु त्या मरणापूर्वी चाळीस वर्षांचे एक जीवन होऊन गेले, त्याविषयी आम्ही कधी दोन वाक्यांपलीकडे बोललो नाही. ही चूक आमच्या पदरात एका माउलीने घातली. तिचा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत गेला होता, तो तीन वर्षांनी परत आला. शेजारीपाजारी कुजबुजू लागले. तिने आमच्याकडे येऊन विचारले की, देवाने माझ्या लेकास नाकारले काय? आम्हास त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. रात्री आम्ही गोन्सालोचे चरित्र पुन्हा काढून वाचिले, आणि या खेपेस ते आरंभापासून वाचिले.

त्याचा बाप पोर्तुगीज व आई कोकणातली होती. वसई १५३४ साली तहाने पोर्तुगिजांच्या हाती आली होती. तेथे व्यापारी, शिपाई, पाद्री व कारागीर यांची गर्दी असे. अशा घरात वाढणाऱ्या मुलास दोन भाषा सहज येतात, पण दोन्हीकडच्या लोकांत तो थोडा परकाच राहतो. दोन समाजांच्या उंबरठ्यावर वाढलेली मुले आपल्याही गावांत आहेत, त्यांना हे सांगावयास नको. गोन्सालो वसईच्या जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकला, आणि पंधराएक वर्षांचा असता १५७२ साली त्यांपैकी एकासमवेत जपानास गेला.

तेथे त्याने जपानी भाषा इतकी चांगली आत्मसात केली की ती जणू त्याची आपलीच झाली. सुमारे आठ वर्षे तो धर्मशिक्षकाचे काम करीत होता. ज्याने कोणी एखाद्या पाड्यावर संध्याकाळी पोरे गोळा करून प्रार्थना शिकविल्या आहेत, त्याला या कामाची जात ठाऊक आहे. त्यात मानपान नाही. पाऊस असो वा थंडी, जावे लागते, आणि नाव फादरचे होते. गोन्सालोची इच्छा जेझुइट संघात प्रवेश मिळावा अशी होती. तो वाट पाहत राहिला; प्रवेश मिळाला नाही. ज्यांनी त्यास वाढविले, ज्यांची सेवा त्याने तरुणपणी केली, त्यांच्याच घराचे दार त्याच्यासाठी उघडले नाही.

येथे कित्येक चरित्रकार घाईने पुढे जातात. आम्ही थोडे थांबू. विशीतला तरुण, आईबापांपासून हजारो मैल दूर, ज्या एका आशेवर आला ती मोडलेली. तो रुसून धर्म सोडून गेला असता तरी जगाने नवल मानले नसते. त्याने काय केले? व्यापार आरंभिला. जपान, मकाव व मनिला यांच्या दरम्यान तेव्हा व्यापाराची मोठी ये-जा होती, आणि भाषा जाणणाऱ्या प्रामाणिक माणसास त्यात वाव होता. त्याचा धंदा चांगला चालला. व्यापाराची ही वर्षे संताच्या चरित्रातील वाया गेलेली वर्षे होत, असे आम्हीही पूर्वी समजत होतो. आता तसे समजत नाही. भावताव करताना जपानी माणूस केव्हा होकार देतो आणि केव्हा नुसता सौजन्याने मान हलवितो, हे ज्ञान गोन्सालोस कोणत्या सेमिनरीत मिळाले असते? बंदरांतील माणसे, अधिकाऱ्यांच्या रीती, कोणास कोणत्या शब्दाने संबोधावे हे सारे त्याने बाजारात शिकून घेतले.

व्यापारानिमित्त मनिलास जाणे-येणे होई, तेथे त्याचा फ्रान्सिस्कन संघाशी स्नेह जडला. अखेर चालता धंदा सोडून तो त्या संघात दाखल झाला, आणि १५८८ च्या सुमारास त्याने व्रते घेतली. पुरोहितदीक्षा मात्र त्याने घेतली नाही. तो साधा ब्रदर राहिला. यापुढे आपण त्यांस ब्रदर गोन्सालो म्हणू.

त्या समयी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी हा होता. १५८७ साली त्याने मिशनरींना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढिला होता, पण तो पुरतेपणी अमलात आला नव्हता. फिलिपाइन्स बेटांतील स्पॅनिश लोकांनी आपल्यास शरण यावे, असेही त्याच्या मनात होते. तेव्हा मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील म्हणून धाडिले. फादर विद्वान होते, धर्मनिष्ठ होते, परंतु त्यांस जपानी भाषा येत नव्हती. त्यांच्यासमवेत दुभाषी म्हणून कोण गेले, हे वाचकांनी ओळखिलेच असेल. मोडलेल्या आशेची वर्षे, धर्मशिक्षकाची पायपीट, बाजारातील देवघेव, सारे त्या दिवशी उपयोगी पडले. एका शक्तिमान व लहरी राजपुरुषापुढे उभे राहून दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे पोहोचवावयाचे, हे काम नाजूक होते. ब्रदर गोन्सालो यांनी ते निभावले. फ्रान्सिस्कनांस राहण्याची परवानगी मिळाली. १५९४ साली क्योतो येथे त्यांचे देऊळ उभे राहिले, आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ निघाले. राजदरबारी बोलणारी तीच जीभ आता रोग्यांची दुःखे फादरांस समजावून सांगू लागली.

हेही लपवीत नाही की जपानात त्या वेळी जेझुइट व फ्रान्सिस्कन यांच्यात कुरबुर होती. ब्रदर गोन्सालो यांचे बाळपण एकांत गेले, व्रत दुसऱ्यांत झाले. त्यांच्यासारख्या माणसास ती कुरबुर किती टोचली असेल, याचा विचार ज्याच्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत त्याने करावा.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यावरील माल जप्त करताना जो वाद झाला, त्यातून हिदेयोशीचा संशय बळावला. डिसेंबरात पाद्र्यांच्या घरांवर पहारे बसले. जानेवारी १५९७ मध्ये चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांस क्योतोच्या रस्त्यांतून फिरविण्यात आले, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे चालविण्यात आले. तो प्रवास सुमारे एक महिन्याचा झाला. वाटेत बंदिवानांची सेवा करणारे दोघे ख्रिस्ती जन त्यांच्यातच धरले गेले, आणि संख्या सव्वीस झाली.

हे सव्वीस जण कोण होते, ते पाहण्याजोगे आहे. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, आणि बाकीचे सतरा प्रापंचिक जपानी ख्रिस्ती. त्यांत स्वयंपाकी होता, सुतार होता, तलवारी घडविणारा होता, वैद्य होता. मिगुएल कोझाकी व त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास हे बापलेक एकत्र होते. सर्वांत धाकटा लुइस बारा वर्षांचा. बहुतेक सारे कोणत्या ना कोणत्या नित्याच्या कामानिमित्त त्या देवळाशी व इस्पितळाशी बांधले गेले होते, आणि शिपाई आले तेव्हा त्या कामाच्या जागीच सापडले. जेझुइट व फ्रान्सिस्कन यांची कुरबुरही तेथे उरली नाही. क्रूस सर्वांस सारखेच होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांस क्रुसांना जखडून भाल्यांनी भोसकण्यात आले. परंपरा सांगते की पहिला क्रूस ब्रदर गोन्सालो यांचा होता. १६२७ साली त्यांची गणना धन्यवादितांत झाली, आणि ८ जून १८६२ रोजी नववे पायस या पोपमहाराजांनी सव्वीसही जणांस संतपद दिले. त्यानंतर २००८ साली संत अल्फोन्सा यांची घोषणा होईपर्यंत, भारतभूमीत जन्मलेले अन्य कोणी या पदास पोहोचले नव्हते.

त्या माउलीस आम्ही पुढे हे चरित्र सांगितले. ती बरेच ऐकून गप्प राहिली, आणि मग तिने एवढेच विचारले की, गोन्सालोच्या आईला हे सारे कळले होते काय? तो पंधराव्या वर्षी गेला तो गेलाच. याही प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिचा मुलगा आता शिक्षक आहे, आणि रविवारी मिस्सानंतर पोरांस प्रार्थना शिकवितो.

येत्या फेब्रुवारीत सणाच्या सुमारास आपल्या मंडळींस वसईच्या किल्ल्यात नेण्याचा आमचा मनोदय आहे. तोवर भाताची झोडणी आटोपलेली असते. आसनगावाहून लोकल, दिव्यास गाडी बदलून वसई रोड, असा मार्ग आहे. जी कुटुंबे त्या दिवसांत वीटभट्टीवर गेलेली असतील, त्यांनी आपले ठिकाण आम्हास आधी कळवून ठेवावे. परतल्यावर आम्हीच त्यांच्याकडे येऊ.