हेन्री क्लिफ्टन सॉर्बी

हेन्री क्लिफ्टन सॉर्बी (१० मे १८२६ – ९ मार्च १९०८) हे इंग्लिश भूवैज्ञानिक होते. खडकाची प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती करून तिचे सूक्ष्मदर्शकातून परीक्षण करण्याची पद्धत त्यांनी भूविज्ञानात रूढ केली. ज्वालामुखी खडकांतील स्फटिकांच्या पोटात दडलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांचा त्यांनी केलेला अभ्यास हे त्यांचे सर्वांत मौलिक आणि तितकेच दीर्घकाळ उपेक्षित राहिलेले कार्य होय.

== जीवन ==

सॉर्बी यांचा जन्म इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या वुडबर्न येथे झाला. त्यांचे घराणे पोलादी हत्यारे बनविण्याच्या व्यवसायात होते. वडिलांच्या निधनानंतर हाती आलेल्या बेताच्या मिळकतीवर निर्वाह करून आयुष्यभर केवळ संशोधन करावयाचे, असे त्यांनी तरुणपणीच ठरविले व ते शेवटपर्यंत पाळले. ते अविवाहित राहिले. त्यांची प्रयोगशाळा त्यांच्या घरीच होती.

विल्यम विल्यमसन हे हाडे, दात व जीवाश्मरूप लाकूड यांच्या पातळ चकत्या करीत असत. ती कृती पाहून सॉर्बी यांनी १८४९ च्या सुमारास खडकांवर तसाच प्रयोग केला. खडकाचा तुकडा एका बाजूने गुळगुळीत करून तो कॅनडा बाल्समने काचेवर चिकटवावयाचा आणि मग दुसरी बाजू घाशीत जावयाचे. मिलिमीटरच्या तीन-शतांश भागाइतकी जाडी उरली की काळाकुट्ट बेसाल्टही पारदर्शक होतो आणि त्यातील खनिजे वेगवेगळी ओळखता येतात. काम वेळखाऊ होते. जरा हात चुकला की सारी चकती निघून जाई.

== स्फटिकांतील पोकळ्या ==

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात ठिकठिकाणी भोके दिसतात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा होत. सॉर्बी यांचे लक्ष मात्र याहून शेकडो पटींनी लहान, स्फटिक वाढत असतानाच त्याच्या आत बंद झालेल्या पोकळ्यांकडे गेले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ निबंधात त्यांनी या पोकळ्यांचे चार प्रकार वर्णिले : वायूच्या, द्रवाच्या, काचेच्या आणि दगडी द्रव्याच्या. ज्या स्फटिकात काच आढळते तो वितळलेल्या शिलारसात वाढलेला असला पाहिजे. ज्यात पाणी आढळते तो पाण्याच्या सान्निध्यात वाढलेला असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी विद्रावांतून स्वतः स्फटिक वाढविले आणि भट्टीच्या मळीतील स्फटिकही तपासले.

द्रवाच्या पोकळीत पुष्कळदा एक लहानसा बुडबुडा दिसतो. सॉर्बी यांच्या मते, पोकळी बंद झाली तेव्हा ती उष्ण द्रवाने पूर्ण भरलेली होती. पुढे स्फटिक निवाला, द्रव आकसला आणि मोकळ्या झालेल्या जागी बुडबुडा उरला. तेव्हा स्फटिक पुन्हा तापवून बुडबुडा नाहीसा होण्याचे तापमान पाहिले, की तो निदान किती उष्णतेत तयार झाला हे कळते. खोलवरचा दाब अधिक असेल, तर खरे तापमान याहूनही जास्त असणार, हेही त्यांनी हिशेबात घेतले होते.

व्हेसूव्हियसने बाहेर फेकलेल्या खडकांत त्यांना काचेच्या पोकळ्यांबरोबर पाण्याच्या पोकळ्याही सापडल्या. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटातही पाणी आढळले. ग्रॅनाइट अग्नीतून उत्पन्न झाला की पाण्यातून, हा वाद त्या काळी पूर्णपणे शमलेला नव्हता. अतिशय उष्णता आणि पाणी या दोहोंचाही त्यात भाग आहे, हा सॉर्बी यांचा निष्कर्ष कोणत्याच टोकाच्या पक्षाला रुचण्यासारखा नव्हता.

डोंगर कोठे सूक्ष्मदर्शकाने पाहावयाचे असतात काय, अशा चेष्टेचे ते धनी झाले. प्रत्येक पोकळी पक्की बंद राहिली असेलच याची खात्री काय, ही शंका मात्र चेष्टेवारी नेण्याजोगी नव्हती. तिच्यामुळे तापमान काढण्याची ही रीत सुमारे शंभर वर्षे मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा वापरात आली. आज काचेच्या पोकळ्यांवरून उद्रेकापूर्वी शिलारसात पाणी व वायू किती होते, याचे मापन केले जाते.

चकत्यांची पद्धत मात्र लवकर पसरली. १८६१ साली जर्मनीत सॉर्बी यांची फर्डिनांट त्सिर्केल या तरुण भूवैज्ञानिकाशी गाठ पडली. त्सिर्केल यांनी हे शास्त्र इतके वाढविले की काही काळ ते जर्मन शास्त्रच मानले जाई.

== इतर कार्य ==

१८६३ पासून सॉर्बी यांनी लोखंड व पोलाद यांचे पृष्ठभाग आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोलादाच्या शहरात राहूनही या कामाची दखल घेतली जाण्यास वीसेक वर्षे लागली. पोलादातील ‘सॉर्बाइट’ या घटकास त्यांचे नाव आहे. उतारवयात ते ‘ग्लिम्प्स’ या आपल्या नौकेवर उन्हाळे घालवीत व सागरी जीवांचा अभ्यास करीत.

ते १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांना १८६९ मध्ये वुलस्टन पदक व १८७४ मध्ये रॉयल पदक मिळाले. १८७८ ते १८८० या काळात ते जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. पुढे शेफील्ड विद्यापीठात विलीन झालेल्या फर्थ कॉलेजच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. शेफील्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी ठेवलेल्या निधीतून त्या विद्यापीठात भूविज्ञानाचे अध्यासन सुरू झाले.