डॉ. पॉल एर्लिख : औषध कोठे चिकटते हे शोधणारे यहुदी शास्त्रज्ञ

कतारमधील दोहा शहराच्या सूक वाकिफ या जुन्या बाजारात मसाल्यांबरोबर औषधी पाला व मुळ्याही विकावयास असतात. असे बाजार आम्हां कोकणच्या माणसांना नवे नाहीत. कोणती मुळी कोणत्या दुखण्यावर, हे दुकानदार सांगतो. ती शरीरात नेमकी कोठे जाऊन लागते, हे त्याला सांगता येत नाही. हाच प्रश्न ज्यांनी जन्मभर धरला, त्या डॉ. पॉल एर्लिख यांचा परिचय आम्ही वाचकांना करून देत आहोत.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशियातील स्ट्रेलेन गावी यहुदी कुटुंबात झाला. वैद्यकीचे विद्यार्थी असतानाच त्यांना कापडाच्या रंगांनी पेशी रंगविण्याचा नाद लागला व १८७८ साली त्यांनी त्यावरच प्रबंध लिहिला. एक रंग ठराविक पेशीलाच धरतो व शेजारचीला सोडतो, हे त्यांनी हेरले. मेथिलीन ब्लू हा रंग हिवतापाच्या जंतूंना धरतो, म्हणून १८९१ साली त्यांनी व डॉ. गुटमन यांनी तो दोन रोग्यांना औषध म्हणून दिला. जे चिकटत नाही ते गुणही देत नाही, असे त्यांचे मत बनले.

१९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शेकडो संयुगे तपासल्यावर १९०९ साली जपानी सहकारी डॉ. हाता यांच्या हातून ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशावर लागू पडले. १९१० साली ते साल्वर्सान नावाने बाजारात आले. त्यात सोमल असल्याने त्रासही होई; तरी पाऱ्याच्या जुन्या उपचारापेक्षा ते पुष्कळच बरे होते.

आज संशोधक रोगाशी संबंधित एकाच प्रथिनाला चिकटेल असा लहान रेणू मुद्दाम घडवितात. प्रथिनाचे काम थांबविल्याने रोग हटतो काय, हे त्याने आधी पाहतात; मग औषधाच्या मागे लागतात. रेणूने भलतेच प्रथिन धरले तर निष्कर्ष फसतो. म्हणून तसाच दिसणारा, पण न चिकटणारा दुसरा रेणू घेऊन पडताळा पाहतात.

मोठ्या जागेसाठी त्या काळी जर्मनीत कित्येकांनी धर्म सोडला. एर्लिख यांनी सोडला नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते वारले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरील त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. आज ते पुन्हा तेथे आहे. प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आमच्या नातवंडांना हे चरित्र अवश्य सांगावे.