नाचापेक्षा बदनामीच जास्त गाजली. बर्लिनच्या अनिता बर्बरची कहाणी

लाल झगा, मागे लालच रंग, पांढरंफटक तोंड. जर्मन चित्रकार ओटो डिक्स याने १९२५ मध्ये काढलेलं हे चित्र बघून बाई पन्नाशीची वाटते. खरं वय होतं पंचविशीच्या आसपास. ती म्हणजे कॅबरे डान्सर आणि मूकपटांची नटी अनिता बर्बर.

जन्म १० जून १८९९ चा, लाइपझिग शहरातला. वडील फेलिक्स नावाजलेले व्हायोलिनवादक, आई लुसी गायिका. दोघांचं पटलं नाही, काडीमोड झाला. पोर आजीकडे ड्रेस्डेनला वाढली. नंतर बर्लिनला येऊन रीतसर नाच शिकली आणि विशीच्या आतच नावारूपाला आली.

पहिलं महायुद्ध जर्मनी हरली होती. पैशाची किंमत तर इतकी घसरली की १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. अशा दिवसांत बर्लिनचे कॅबरे मात्र रात्रभर भरलेले असत. अनिता तिथं अंगावर कपडा न ठेवता नाचायची. कोकेन, मॉर्फिन या नशांवरच तिचे नाच बसवलेले होते, आणि ती नशा तिला स्वतःलाही होती. तिच्या लेखी ती कला होती. लोक यायचे ते अंग बघायला. कुणी टवाळी केली की ती भडकायची, मारामारीवर यायची.

पडद्यावरही ती मागे नव्हती. १९१९ मध्ये रिचर्ड ओस्वाल्डच्या एका मूकपटात तिने काम केलं. पुरुषांच्या समलिंगी प्रेमाला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध तो सिनेमा होता. पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली.

सेबास्टियन ड्रोस्टे हा तिचा नाचातला जोडीदार. दोघांनी व्हिएन्ना गाजवलं, पण भानगडी एवढ्या झाल्या की १९२३ च्या सुरुवातीला तिला ऑस्ट्रियातून बाहेर काढलं. त्याच वर्षी ड्रोस्टे तिचे दागिने घेऊन अमेरिकेला पळाला. जिच्या नावावर तो मोठा झाला, तिलाच त्याने लुटलं!

तिची तीन लग्नं झाली. शेवटचा नवरा अमेरिकन नर्तक, त्याच्यासोबत ती दौरे करायची. १९२८ च्या उन्हाळ्यात दमास्कसमध्ये ती कोसळली. निदान निघालं क्षयाचं. कशीबशी बर्लिनला परतली आणि १० नोव्हेंबरला दवाखान्यात गेली. वय २९.

१९९१ मध्ये जर्मनीने डिक्सच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट काढलं. त्यावर छापलं तेच लाल झग्यातलं चित्र.