दात सरळ करणारा हट्टी माणूस

नवी मुंबईतल्या कोणत्याही शाळेच्या फाटकाशी दुपारी उभे राहा. दातांवर तार मिरवणारी चार-दोन मुले हमखास दिसतील. हल्ली चाळिशीतली माणसेही बिनदिक्कत ती लावून हसतात. ही तार ज्याच्या डोक्यातून निघाली, त्या एडवर्ड अँगलचे नाव दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. आईबापांनाही ते ठाऊक असावे, असे मला वाटते.

१ जून १८५५ रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. सात भावंडांतला पाचवा. १८७८ मध्ये दंतवैद्य झाला. पण तब्येत साथ देईना, म्हणून पश्चिमेकडे माँटानात जाऊन त्याने मेंढ्या पाळल्या. एका कडक हिवाळ्यात कळप मेला आणि धंदा बुडाला. मी उभी हयात बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. या टप्प्यावरच्या अँगलला कोणत्याही बँकेने दारात उभे केले नसते!

मग मिनियापोलिसला तो पुन्हा दातांकडे वळला. त्या काळी दात सरळ करायचे म्हणजे प्रत्येक डॉक्टर आपापल्या अकलेने नवे यंत्र बेतायचा. अँगलने कड्या, नळ्या, स्क्रू, तारा ठरावीक मापात घडवल्या, पेटंटे घेतली. १८९९ मध्ये त्याने वेड्यावाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पक्की दाढ खालच्या दाढेवर कशी बसते, एवढेच पाहायचे. ही रीत आजही चालते. १९०० मध्ये सेंट लुईसला त्याने या विषयाची स्वतंत्र शाळाच काढली.

दात हलतो तो जोराने नव्हे, सततच्या हलक्या दाबाने. एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूला नवे भरते. म्हणून तर वर्ष-दोन वर्षे लागतात, आणि पुढे रिटेनरही सुटत नाही.

माणूस मात्र विलक्षण हट्टी. निसर्गाने दिलेला एकही दात काढायचा नाही, यावर तो अडून बसला. शिकागोच्या कॅल्व्हिन केसने काही रुग्णांत दात काढणे रास्त ठरवले, तेव्हा १९११ मध्ये मोठा वाद झाला. सरशी अँगलच्या पक्षाची झाली.

आमच्या नातीच्या चार निरोगी उपदाढा काढाव्या लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा घरात हाच वाद पेटला. सौ. अगदी अँगलच्या बाजूने! मी सुनेला चार्ल्स ट्वीडची हकिगत सांगितली. ट्वीड हा अँगलचाच निष्ठावंत शिष्य. गुरूच्या नियमाने उपचार केलेल्या मुलांचे दात पुढे आलेले, पुन्हा वाकडे झालेले त्याने पाहिले. तेव्हा कित्येकांच्या उपदाढा काढून त्याने उपचार नव्याने केले, आणि १९४० मध्ये अशा शंभर रुग्णांचा पुरावा सहकाऱ्यांपुढे ठेवला. ऑस्ट्रेलियाचा बेग हा दुसरा शिष्यही त्याच निष्कर्षाला आला; त्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे चालली. आता प्रत्येक जबड्याचे माप घेऊन, एक्स-रे पाहून ठरवतात. कोणाचे दात काढावे लागतात, कोणाचे नाही. सून दुसऱ्या डॉक्टरांचे मतही घेऊन आली. त्यांनीही तेच सांगितले.

शिष्यांचे हे बंड बघायला अँगल उरला नव्हता. ११ ऑगस्ट १९३० रोजी सांता मोनिकात तो वारला. त्याआधी काही वर्षे त्याने दातावर बसणारी नवी पट्टी बेतली होती. तिच्यात चौकोनी तारेसाठी इंचाच्या बावीस सहस्रांश रुंदीची खाच होती. गुरूचा नियम मोडल्यावरही ट्वीडने तार ओवली ती याच खाचेत.